फोर-एम चेंज मंजूर आहे का?

ऑक्टोबर-नोव्हेंबर जवळ आला की निगडीत पहाटे साडेचारला दोन प्रकारची माणसं रस्त्यावर दिसतात. एक पहिल्या पाळीची, पवळे पुलाजवळ कंपनीच्या बसची वाट बघणारी. दुसरी गोव्याची. पहिल्यांना उठायचे पैसे मिळतात, दुसरी उठण्यासाठी पैसे भरतात.

गोव्याची म्हणजे ‘आयर्नमॅन 70.3’ची. 20 ऑक्टोबर 2019 रोजी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि चाकण पट्ट्यातल्या मध्यमवयीन इंजिनिअरांना आयुष्यात काय कमी आहे ते एकदम कळलं. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, 90 किलोमीटर सायकल मारायची, मग 21.1 किलोमीटर धावायचं. बेरीज 113 किलोमीटर, म्हणजे 70.3 मैल. हे सगळं साधारण साडेआठ तासांच्या आत. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. ती 2015 मध्ये पन्नाशीला टेकलेल्या मिलिंद सोमण यांनी झ्युरिकला 15 तास 19 मिनिटांत पुरी केली. त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे जरा जास्तच निरखून बघू लागल्या, त्याची किंमत पुरुषवर्ग अजून फेडतोय.

आमच्या सोसायटीत चाकणच्या एका कारखान्यातले क्वालिटीचे साहेब राहतात. कंपनीत त्यांचा दरारा असा की पुरवठादाराने वॉशरचा रंग बदलला तरी साहेब ट्रक गेटवरून परत पाठवतात. माणूस, मशीन, माल, पद्धत यांतलं काहीही बदललं की फोर-एम चेंजचा फॉर्म भरायचा, चाचणीचे नग काढायचे, पीपॅप म्हणजे मंजुरीची कागदपत्रं सादर करायची, मगच लाइन सुरू. व्हर्निअरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर नसेल तर ते त्या व्हर्निअरला हातही लावत नाहीत.

हेच साहेब स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांचे झोन कसे ठरवतात? 220 वजा वय. संपलं. हे सूत्र सरासरीचं आहे. एकेका माणसाचा कमाल ठोका त्यापासून दहा-पंधराने सहज इकडेतिकडे असतो. असं मोजमाप एखाद्या व्हेंडरने आणलं असतं तर साहेबांनी त्याला दुपारचं जेवणसुद्धा दिलं नसतं.

तर गोव्याला निघालेल्या तमाम साहेबांना या सदरातर्फे काही सल्ले. फुकट आहेत, म्हणजे कोणी ऐकणार नाही याची खात्री आहे.

पहिली गोष्ट पोहण्याची. महापालिकेच्या तलावात पाऊण तासाच्या बॅचमध्ये, समोरून उलटं पोहत येणाऱ्या काकांना चुकवत तुम्ही जे करता, ते पोहणंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पंचवीस मीटरच्या तलावात 1.9 किलोमीटर म्हणजे 76 लॅप, आणि प्रत्येक लॅपला भिंत येते. भिंतीला पाय लावून ढकललं की तीन-चार मीटर फुकटात जातात. अरबी समुद्राला भिंत नाही. तळाला निळी रेघही नाही. दर सात-आठ हातांनंतर डोकं किंचित वर काढून बोया कुठे आहे ते बघायचं असतं, नाहीतर तुम्ही मिरामारऐवजी भलत्याच दिशेला निघता. हे तलावातच शिकता येतं, फक्त आजूबाजूच्या पोरांनी हसू नये एवढी मनाची तयारी लागते. पाणी उबदार असल्याने वेटसूटचा आधार नाही. आणि सराव हवा म्हणून ओळखीपाळखीशिवाय, होडी-जॅकेटाशिवाय पवनेच्या धरणात उड्या मारू नका. इंद्रायणीचं नावच काढू नका. तिच्यावर फेस आहे, पण तो लाटांचा नव्हे.

सायकलीचं मात्र आपल्याकडे उत्तम चाललंय. भक्ती-शक्तीच्या शिल्पाखाली फोटो, मग जुन्या हायवेने देहूरोड, सोमाटणे, वडगाव, कामशेत करत लोणावळा, तिथे फोटो आणि बटाटेवडे, आणि परत. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर होतात आणि त्यातली निम्मी समोरच्याच्या मागे वारा चुकवत होतात. गोव्यात ते चालत नाही. पुढच्या सायकलीपासून 12 मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पंच थांबवतो. म्हणजे नव्वद किलोमीटर तुमचा वारा तुम्हीच खायचा. या बाबतीत आपल्या भागात एक सोय आहे. कित्येक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि ग्रुपची राइड रविवारी. गुरुवारी सायकल काढणारा एकटाच असतो. तो बिचारा स्वतःला अभागी समजतो, पण खरा सराव त्याचाच होतो.

आमच्या साहेबांची सायकल त्यांच्या पहिल्या मोटारीपेक्षा महाग आहे. त्यांनी स्पर्धेचा एफएमईए केलाय: धोका, तीव्रता, शक्यता, सगळे रकाने भरलेले. पंक्चर या धोक्यापुढे उपाय लिहिलाय ‘जादा ट्यूब सोबत’. परवा पार्किंगमध्ये खरोखरच मागचं चाक बसलं. साहेबांनी चाक काढलं, चेनचं काळं कोपरापर्यंत माखलं, टायरखाली लिव्हर घातला आणि नवी ट्यूब बसवून हवा भरली. फुस्स. लिव्हरच्या टोकाने नवी ट्यूबही चावली होती. वॉचमन शांतपणे म्हणाला, “साहेब, आधी थोडी हवा भरून मग टायर चढवायचा. आणि शेवटचा भाग हाताने. पान्याने नाय.” कंपनीत याला ऑन-द-जॉब ट्रेनिंग म्हणतात आणि हजेरीपत्रकावर सही घेतात.

धावण्याबद्दल जाणकार एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगतात: बहुतेक सराव इतका सावकाश करा की धावताना बोलता आलं पाहिजे. निगडीत बोलण्याची अडचण कधीच नव्हती, अडचण सावकाशची आहे. दुर्गा टेकडीवर साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक आजी झपाझप चालत येतात. त्यांनी ओलांडलं की साहेबांचा झोन टू तिथेच संपतो. मग ठोके एकशे सत्तर, पिंढरी धरलेली आणि फिजिओकडे दहा दिवसांचं ब्रेकडाउन. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कंपनीतल्या प्रेसचं पीएम, म्हणजे मोडण्याआधीची देखभाल, एकदाही चुकू दिलं नाही, त्याच्या गुडघ्याला मात्र मोडल्याशिवाय कोणी बघत नाही. झोपेचं तेच. मशीन तिन्ही पाळ्या चालवलं तर साहेब मेंटेनन्सवाल्यांवर ओरडतात आणि स्वतः रात्री बाराला झोपून साडेचारला उठतात.

आता खाणं. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, शिवाय गोव्याच्या दमट हवेत मीठ-पाणी. पोटालाही सराव लागतो. पळता पळता पचवणं हे पोट जन्मतः शिकून आलेलं नसतं. जेल परवडत नसेल तर केळं, राजगिऱ्याची वडी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांवर काम भागतं. मात्र जे स्पर्धेत खाणार ते दोन-तीन महिने दर लांब राइडला खाऊन बघायचं. 1978 साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण उतरले, बारा जण पोचले. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. हे वाचून गोव्याबद्दल भलत्या आशा बाळगू नयेत. तो पहिला यायचा तो दुसरा आला, असं आमचं मत आहे.

आणि स्पर्धेच्या दिवशी नवं काही नाही. बूट नवे नाहीत, गॉगल नवा नाही, नाश्ता नवा नाही. देहूहून आकुर्डीकडे पालखी निघते तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून वारकऱ्यांच्या पायांकडे बघा, कोरी चप्पल शोधून सापडणार नाही. अडीचशे किलोमीटर चालायचं असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

शेवटचे दोन आठवडे सराव कमी करायचा असतो. दमलेलं शरीर त्यात भरून येतं. आमच्या साहेबांना हे लाइन बंद ठेवल्यासारखं वाटलं. स्पर्धेला आठ दिवस असताना त्यांनी ‘खात्रीसाठी’ शंभर किलोमीटर मारले.

साहेब गोव्याहून आले. वेळेत पोचले, मेडल गळ्यात, पण धावताना दोन्ही मांड्यांत पेटके. आल्या आल्या त्यांनी व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पेटके का आले? मीठ कमी पडलं. मीठ का कमी पडलं? गोळ्यांची डबी सायकलच्या स्टँडलाच राहिली. का राहिली? कमरेच्या नव्या पट्ट्यात मावली नाही. नवा पट्टा का? जुना घरी राहिला. घरी का राहिला? एक्स्पोत नव्यावर सूट मिळेल असं कळलं होतं.

सुधारणा उपाय: कार्बनची चाकं. जबाबदारी: स्वतः. मंजुरीच्या रकान्यात वहिनींचं नाव आहे आणि त्यापुढे ‘प्रलंबित’.