उलटं करून दाखव

नाशिक रोडला बोहारणी अजून फिरतात. दत्त मंदिराच्या मागच्या गल्ल्यांतून, जेल रोडच्या सोसायट्यांतून, स्टीलच्या भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ओरडत जातात. पण दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक घर असं असतं, की तिथे आल्यावर त्यांचा आवाज बंद होतो आणि पावलं झपाझप पडायला लागतात. या घरातून जुनं कापड बाहेर येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. उलट मागच्या खेपेला या घरातल्या बाईने बोहारणीच्याच गाठोड्यातली एक जरीकाठी साडी हेरली आणि स्वतःकडच्या दोन वाट्या देऊन ती आत नेली. धंद्याची अशी उलटी तऱ्हा झाल्यावर कोण कशाला थांबेल?

ते घर शिवणाऱ्या मायलेकींचं. नावं सांगून उपयोग नाही, कारण आडनाव बदललं तरी घर तेच असतं. दाराला मण्यांचं तोरण. त्याखालून वाकून आत गेलं की लक्षात येतं, इथे उघड्या अंगाने राहायची परवानगी कुणालाच नाही. मिक्सरला झालरीचा फ्रॉक आहे. सिलिंडरला परकर आहे, तोही नाडीचा. फ्रिजच्या डोक्यावर खणांचं झाकण, हँडलला मोजा, रिमोटला झबलं, पिंपाला क्रोशाची जाळी. टीव्ही भिंतीवर चढून सपाट झाला, तेव्हा जुन्या खोक्याच्या पडद्याचं आयुष्य संपलं असं आपल्याला वाटतं. त्या पडद्याचे उशांचे अभ्रे झाले, अभ्र्यांचे पोळीच्या डब्यातले रुमाल झाले, आणि सध्या तो कुकर उतरवायचं फडकं म्हणून नांदतोय. पुनर्जन्म खरा की खोटा, यावर या घरात कीर्तन ठेवायची गरज नाही.

घरात एक काकाही असतात. ते प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. 1925 साली उभ्या राहिलेल्या या प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापली जातात, 1928 पासून नोटाही. काकांची उभी हयात अशा जागी गेली, जिथे खराब निघालेला कागदसुद्धा मोजायचा, त्याची नोंद करायची आणि मग तो रीतसर नष्ट करायचा. सुटी झाली की गेटवर झडती. आणि संध्याकाळी घरी यायचं ते अशा ठिकाणी, जिथे चिंधी मोजली जात नाही, नोंदली जात नाही आणि नष्ट तर कदापि होत नाही. एकदा त्यांनी हिंमत करून चिंध्यांची एक पिशवी गुपचूप घंटागाडीत टाकली. काकूंनी शेअर रिक्षा करून बिटको चौकात ती गाडी गाठली. तेव्हापासून काकांची झडती घरातून बाहेर पडतानाही होते.

पण काकांचा खरा दिवस 2016 साली उजाडला. आठ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. काका प्रेसवाले, त्यामुळे आता काय धावपळ उडणार हे ते सविस्तर समजावू लागले. काकू मात्र न बोलता कात्री घेऊन उठल्या आणि काकांच्या अंगावरची गोधडी ओढून तिचा एक कोपरा उसवायला बसल्या. आतून हजाराच्या नोटा निघाल्या. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. नोटांच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस कित्येक हिवाळे नोटा पांघरून झोपत होता आणि त्याला पत्ता नव्हता. “म्हणूनच ती इतकी ऊबदार होती का?” एवढंच ते म्हणाले. बँकेच्या रांगेत मात्र त्यांनाच उभं केलं.

काकूंची ओळख पटवायची तर त्यांच्यापुढे कुठलंही शिवलेलं कापड धरा. त्या ते सुलटीकडून बघणारच नाहीत. “जरा उलटं करून दाखव.” पुढचं सगळं परीक्षण आतल्या बाजूचं. टाका सारखा आहे का, कच्चं टोक इंटरलॉक केलंय का, दोऱ्याची शेपटं कापलीत की तशीच लोंबताहेत. हळदीकुंकवाला गेल्या, तर वाण घ्यायला वाकल्यासारखं करून समोरच्या बाईच्या साडीचा काठ दोन बोटांनी उलटतात आणि फॉल हाताने लावलाय की मशीनवर मारलाय ते बघून घेतात. दिवाळीत कारागृहातल्या बंद्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं की तिथेही जाऊन सगळं उलटं करून बघतात. येवल्याच्या पैठणीला त्या मानतात, त्याचं कारणही हेच. अस्सल हातमागाचा पदर उलटीकडूनही सुलटीइतकाच नेटका असतो. माणसांबाबतही त्यांची हीच पद्धत आहे, असं काका हळूच म्हणतात आणि विषय बदलतात.

मशीन उषाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. बुट्टीतलं सोनं आता फक्त हात लागत नाही तिथे शिल्लक आहे. पायडल ओतीव लोखंडाचं. चामड्याचा पट्टा सैल झाला की काकू इंचभर कापून पुन्हा तारेने जोडतात. मशीनच्या खणात काय नाही? मोडक्या सुया (टाकल्या तर कुणाच्या पायात जातील म्हणून ठेवलेल्या), हुकांचं अर्धं पान, वापरून नखाएवढा उरलेला खडू, चार आण्याची नाणी, कुणाच्या तरी शर्टाचं एकुलतं एक बटण. या बटणाला जोडीदार मिळेल या आशेवर ते तीन पंतप्रधान बघून बसलंय.

लेक ही याच कारखान्याची मुंबई शाखा. ती पंचवटी एक्स्प्रेसची पासवाली. 1975 साली सुरू झालेल्या या गाडीने नाशिक रोडच्या किती पिढ्यांना मुंबईत नोकरीला लावलं आणि रात्री घरी आणून जेवायला घातलं, याचं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं. सकाळी एकशे सत्त्याऐंशी किलोमीटर जायचं, संध्याकाळी तेवढंच यायचं. बाकीच्या बाया डब्यात भाजी निवडतात, झोपतात, भिशी काढतात. ही हातशिलाई करते. तिची अंतरं टाक्यांत मोजलेली आहेत. देवळालीपर्यंत सुईत दोरा आणि गप्पांना सुरुवात, इगतपुरीपर्यंत एका साडीचा अर्धा फॉल, मग घाट. कसारा घाटात बोगदे लागतात, तेव्हा सुई वर धरून थांबायचं आणि उजेड आला की पुढचा टाका घालायचा. कल्याणच्या आत काज-बटण उरकलंच पाहिजे, कारण पुढे गर्दीत कोपर हलवायला जागा नसते. डब्यातल्याच बायकांची मापं ती उभ्या उभ्या घेते, वहीत लिहिते, आणि कापड रात्री घरी येतं. आठवडाभर आई मशीन चालवते. रविवारी दोघी.

आणि रविवारी भांडण. ते नसलं तर शेजारी चौकशीला येतात.

लेकीने दोन वर्षांपूर्वी विजेचं मशीन आणलं. त्यात एकवीस प्रकारचे टाके आहेत. काकूंनी ते सगळे एका चिंधीवर घालून बघितले, चिंधी उलटी केली, आणि म्हणाल्या, “छान आहे. पण लागतो एकच.” लेक व्हिडिओ बघून कटोरी, प्रिन्सेस कट, पाठीला लटकन असलं शिवते. काकूंना पाठ उघडी टाकणाऱ्या गळ्याची हरकत नाही, त्या फक्त विचारतात, “बाकीचं कापड कुठंय?” खरा वाद मात्र मायेवरून. शिवणीच्या आत किती कापड सोडायचं यावर या घरात जेवढं बोललं गेलंय, तेवढं पाणीवाटपावरही बोललं गेलं नसेल. लेकीचं म्हणणं, अर्धा इंच पुरे, जास्त ठेवलं की आत घोळ होतो, फिटिंग बसत नाही. आईचं म्हणणं, बाई आहे ती, आज छत्तीस आहे, उद्या अडतीस होईल. इंचभर माया ठेवच. तह असा झालाय की आखणी लेकीची, कात्री आईची. लेक खडूने रेषा मारते. आई त्याच्या बाहेर इंचभरावर दुसरी रेषा मारते आणि कापते ती बाहेरच्या रेषेवरून. लेक कपाळावर हात मारते. दर रविवारी, त्याच हाताने, त्याच कपाळावर.

रुखवताची गोष्ट थोडक्यात सांगतो. लेक शाळेत होती तेव्हापासून ते बनतंय. क्रोशाचे रुमाल, मोत्यांचा मोर, सुपाऱ्यांना धोतर-पगडी घालून केलेली सगळी वाजंत्री, त्यात सनईवाल्याचे गाल कापसाने फुगवलेले. आता पसारा एवढा झालाय, की स्थळ सुचवणाऱ्याला काकू आधी हॉलचं माप विचारतात. लेकीला लग्नाची घाई नाही. ती म्हणते, रुखवत पूर्ण होऊ दे. आणि गुपचूप सुपाऱ्यांच्या वरातीत एक टीसीपण बसवून ठेवते.

एवढ्यात घडलेली टेपची भानगड मात्र सविस्तर सांगायला हवी. काकूंचा टेप जुना. त्याचं पितळी टोक कधीच गळालं, पाठोपाठ पहिला इंचही झिजून, दोरे सुटून गेला. आता तो सुरूच होतो ‘एक’ या आकड्यापासून. काकूंना त्याचं काही वाटत नाही. त्या एकावरून मोजतात आणि मनातल्या मनात एक वजा करतात. इतकी वर्षं करताहेत, की आपण वजाबाकी करतो हे त्यांना माहीतही नाही. लेकीचा टेप वेगळा, नवा, पर्समधला.

पासवाल्यांपैकी एकीच्या मुलाचं लग्न ठरलं आणि डब्यातल्या पाच जणींनी एकसारखे ब्लाऊज शिवायला टाकले. मापं लेकीने गाडीत नव्या टेपने घेतली. रविवारी कापायला बसली तर पर्स ऑफिसच्या खणात राहिलेली. हाताला आईचा टेप लागला. छातीचा चौथा भाग नऊ इंच, म्हणून तिने नवाच्या आकड्यावर खूण केली. प्रत्यक्षात कापड आठ इंच. पुढचे दोन भाग, पाठीचे दोन भाग, चार ठिकाणी एकेक इंच गायब. ब्लाऊजमागे चार इंच, आणि पाच ब्लाऊज. काकूंनी बाहेरची रेषा मारली, कापलं, शिवलं. वजाबाकी या वेळी कुणीच केली नव्हती.

सोमवारी गाडीत वाटप झालं. मंगळवारी पाचही जणी गप्प. एकीचाही हूक लागला नव्हता, आणि एकीनेही ते दुसरीला सांगितलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपणच सुटलो. इगतपुरीला वडेवाला खिडकीशी आला तर कुणी हात बाहेर काढेना. तो बिचारा पुढच्या डब्यात जाऊन परत आला, पुन्हा विचारून गेला. बुधवारी एकीने डब्यात नुसती काकडी आणली. गुरुवारी दुसरी दादरला उतरून ऑफिसपर्यंत चालत गेली. शुक्रवारी तिसरीला रडू फुटलं आणि मग सगळंच बाहेर आलं.

पाचही ब्लाऊज घरी परत आले. काकूंनी पहिला उचलला, उलटा केला, बगलेच्या शिवणीवर बोट फिरवलं, मग टेप घेतला, मग लेकीच्या पर्समधला टेप शेजारी धरला. बराच वेळ दोन्ही टेपांकडे बघितलं.

“बायका जाड नाही झाल्या,” त्या म्हणाल्या. “टेप बारीक झालाय.”

मग दोघी रात्रभर उसवत बसल्या. लेक उसवायची, आई नवी शिवण मारायची. प्रत्येक भागात इंचभर माया होती, चार भागांत मिळून चार इंच. जवळजवळ सगळी सोडली आणि हूक लागले. आई काही बोलली नाही. तिला बोलायची गरजच नव्हती. ती फक्त दर ब्लाऊजनंतर चष्मा पुसत होती आणि तेही जरा जास्तच सावकाश. उंची मात्र इंचभर कमी पडली होती ती पडलीच. तिथे खाली काठाची पट्टी जोडली. लेकीने त्याला ‘बॉर्डर डिझाइन’ असं नाव दिलं आणि प्रत्येकीकडून पन्नास रुपये जास्त घेतले. लग्नात चार बायकांनी ते डिझाइन विचारलं. वडेवाल्याचाही धंदा पूर्ववत झाला.

काका म्हणाले, आता तरी तो टेप टाकून द्या. दोघींनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ते मुकाट्याने चहा ठेवायला उठले. तोवर काकूंनी चिंध्यांच्या बोचक्यातून एक हिरवी पट्टी शोधली, लेकीच्या नव्या टेपने मोजली, दोन्ही कडा दुमडून हेम केल्या आणि जुन्या टेपच्या तोंडाशी जोडून टाकली. गेलेला इंच परत आला, वर साखळी टाक्याने ‘शून्य’ही काढलं.

चहाचे कप ठेवून काका आत गेले आणि नोकरीतली स्टीलची पट्टी घेऊन आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टेप पट्टीला लावला. “सव्वा इंच भरतंय हे,” ते म्हणाले.

“असू दे,” काकू म्हणाल्या, “धुतल्यावर आटेल.”