तेवढे चार सेकंद परत करा

श्री. ‘अतिदुर्मिळ! शेवटपर्यंत ऐका!’ यांस,



आपलं खरं नाव मला ठाऊक नाही. म्हणून आपण प्रत्येक गाण्यावर जी पाटी लावता, तीच मायन्यात घातली. आपणही गाणाऱ्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारत नाही, तेव्हा राग मानणार नाही अशी आशा आहे.

आधी अभिनंदन. आपल्या चॅनेलवरचं ‘बालगंधर्व – भैरवी – अतिदुर्मिळ’ हे गाणं लोकांनी भरभरून ऐकलं. मीही ऐकलं आणि सुरुवातीलाच कान टवकारले. पहिलं मिनिटभर त्यात ‘टक्, टक्, टक्’ असा ठोका ऐकू येतो, सेकंदाला एकाहून थोडा जास्त. तबलजीचा त्यात काही हात नाही. तबकडीच्या कडेपासून आत अंगठ्याच्या पेराएवढी भेग गेली आहे आणि सुई दर फेरीला तिच्यावरून उडी मारते. भेग संपली की ठोका थांबतो. ही भेग माझ्या चांगल्या ओळखीची आहे, कारण ती तबकडी माझ्या कपाटात आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गंजलेल्या पान्यांच्या ढिगाशेजारी ती पडली होती आणि विकणाऱ्याने तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला होता. लेबल कसरीने खाल्लेलं. उरलं होतं ते कंपनीच्या चित्राचं अर्धं अंग आणि आतल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या मुद्रणाचा क्रमांक.

ती मी घरी आणली, साध्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुतली, भेगेच्या दोन्ही कडा सारख्या पातळीवर बसवल्या आणि तीन मिलची (म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाची) सुई लावून वाजवली. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेत नुसती तळाशी लोळते आणि खरखर तेवढी वेचून आणते. मग ते ध्वनिमुद्रण सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आणि सोबत एक टीप लिहिली : गाणारीचं नाव, गाव, राग, फेऱ्यांचा वेग. आपण गाणं नेलंत, टीप तेवढी मागे ठेवलीत. ओझं जास्त झालं असावं.

आता आपण म्हणाल, हा मनुष्य चोरीचा आळ घेतोय. छे हो! कायदा आपल्याच बाजूचा आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा असला, तरी शंभर वर्षांपूर्वीची ही तबकडी ना माझ्या तीर्थरूपांची, ना आपल्या. मी ती खुली ठेवली ती लोकांनी न्यावी म्हणूनच. खुशाल न्या, वाटा, लग्नात वाजवा. माझी तक्रार फक्त चार सेकंदांची आहे.

त्या तबकडीच्या शेवटी गाणं संपतं, तबल्यावर शेवटची थाप पडते आणि ती बाई खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगते. पाठोपाठ गावाचं नाव. मग कुणीतरी मागे ‘वाहवा’ म्हणतं आणि ती हसल्यासारखी वाटते. तेवढ्यात सुई बाहेर. आपण नेमकं तेवढंच कापलंत. त्या जागी आता घंटी वाजते आणि एक उत्साही तरुण ‘सबस्क्राइब करायला विसरू नका’ असं बजावतो. वर ‘शेवटपर्यंत ऐका’ ही पाटी आहेच. शेवट आपणच कापून ठेवला आहे, तो कुठे जाऊन ऐकायचा तेही एकदा सांगा.

हे नाव सांगणं म्हणजे काही लाडिकपणा नव्हता. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहरजानची गाणी भोंग्यात भरून घेतली. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला ठुमरी कुठली आणि दादरा कुठला हे कळायचं काही कारण नव्हतं. कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल डकवायचं ते त्याला कळावं म्हणून गाणाऱ्याने शेवटी आपलं नाव सांगायचं. गौहरजान ते चक्क इंग्रजीत सांगायची. जानकीबाई अलाहाबादचं नाव जोडायची. १९०८मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, तरी ही सवय काही वर्षं टिकली. म्हणजे ज्या कारागिराला गाण्याचा एक शब्द कळत नव्हता, त्याने बाईचं नाव ऐकून बरोबर लेबल लावलं. आपल्याला मराठी कळतं, संगीत कळतं असं आपण वर्णनात लिहिता, आणि लेबल चुकलं ते आपलं.

तेही कसं चुकलं! पुरुषाने लुगडं नेसून स्त्रीभूमिका करायच्या आणि घरंदाज बाईने रंगभूमीकडे फिरकायचं नाही, अशा त्या काळात एक बाई भोंग्यासमोर उभी राहिली, गायली आणि स्वतःचं नाव सांगून मोकळी झाली. शंभर वर्षांनी आपण तिचा आवाज बालगंधर्वांच्या नावावर जमा केलात. नारायणराव राजहंसांनी जन्मभर बाईची भूमिका केली, हे मान्य. म्हणून प्रत्येक बाई म्हणजे नारायणरावच, असा नियम अजून तरी झालेला नाही.

रागाचं म्हणाल तर गाणं भीमपलासातलं आहे. भीमपलासात कोमल स्वर दोनच, गंधार आणि निषाद. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. पण आपल्या चॅनेलवर जे जे करुण ते ते भैरवी आणि जे जे जलद ते ते दुर्गा, अशी सोय दिसते. चित्रांचीही तीच तऱ्हा. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या पदावर आपण ग्वाल्हेरच्या कृष्णराव शंकर पंडितांचा फोटो लावला आहे. फेटा, कृष्णराव, गवई : तीन गोष्टी जुळल्यावर चौथी कशाला तपासायची?

वेगाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे आपण नकळत गायकाचा गळाच बदलता. ‘७८ची रेकॉर्ड’ म्हणून सगळ्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्याच असतात असं आपण धरून चालता. सुरुवातीच्या काळात तसं काही नव्हतं. कुठे ७४, कुठे ७६, कुठे ८०. मुद्रण घेणाऱ्याचं यंत्र त्या दिवशी जसं फिरेल तसं. ७४वर घेतलेली तबकडी ७८वर लावली की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गेल्यासारखा वाटतो, आवाज चिरका होतो, ताना धावत सुटतात. मग लोक म्हणतात, ‘काय तयारी होती हो जुन्या लोकांची!’ होतीच, पण त्यातली थोडी आपल्या मोटरची असते. योग्य वेग शोधायचा तर तानपुरा किंवा पेटीचा स्वर कानात धरून बसावं लागतं. त्याच कलाकाराच्या इतर तबकड्यांशी ताडून पाहावं लागतं. संध्याकाळ जाते. कधी घरच्यांची सहनशक्तीही जाते.

१९७७मध्ये ‘नासा’ने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तीत आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे (ही मात्र खरोखरच भैरवी). त्या तबकडीच्या झाकणावर वाजवण्याचा वेग कोरला आहे : एका फेरीला ३.६ सेकंद. परग्रहावर सेकंद कुणाला कळणार, म्हणून तो हायड्रोजनच्या अणूच्या हिशेबात मांडला आहे. सोबत सुईसुद्धा दिली आहे. ज्यांना कान दोन आहेत की सहा हेही कुणाला माहीत नाही, अशा श्रोत्यांसाठी एवढी काळजी! आणि आपण सदाशिव पेठेतल्या श्रोत्याला वेग सांगत नाही.

खरखर काढण्याबद्दल आपण छाती फुगवून लिहिता : ‘क्रिस्टल क्लिअर’. भोंग्यात गाऊन घेतलेल्या मुद्रणात आवाजाची वरची धार आधीच फार थोडी उतरलेली असते. आपलं यंत्र खरखरीबरोबर तीही खरवडून काढतं आणि बाई विहिरीत गळ्यापर्यंत उभी राहून गात असल्यासारखी ऐकू येते. त्यावर आपण घुमारा चढवता, म्हणजे विहिरीचा तलाव होतो. भेगेचा ठोका मात्र आपल्या यंत्राला हटवता आला नाही. आपल्या सगळ्या कारभारात तेवढाच एक प्रामाणिक राहिला.

कडी म्हणजे यानंतर आपलं चॅनेल ज्या संकेतस्थळावर आहे त्याच्या यंत्राकडून मला सूचना आली की मी ठेवलेलं ध्वनिमुद्रण आपल्या मालाशी ‘जुळतं’, सबब ते काढण्यात येत आहे. जुळणारच! एकाच भेगेची दोन पोरं ती. त्या यंत्राने मला पुरावा मागितला. मी तबकडीचा फोटो पाठवला. यंत्राला तबकडी म्हणजे काय हे कळलं नाही. सध्या पत्रव्यवहार सुरू आहे. पलीकडच्या बाजूला माणूस असल्याची चिन्हं नाहीत.

एवढा वैताग आहे तर हा उद्योग करतो कशाला, असं मला बायको विचारते, शेजारी विचारतात, आपणही विचाराल. पैसा यात नाही, उलट जातो. पण भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले आणि ग्रामोफोन कंपनीची माणसं ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन इथे आली ती पुढच्या वर्षी. भाऊरावांच्या गाण्याने थिएटर कसं वेडं व्हायचं याची वर्णनं पानंच्या पानं आहेत, आवाज शून्य. भास्करबुवा बखले १९२२पर्यंत होते, त्यांचीही तबकडी नाही. त्यांचा गळा कसा होता ते आता त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून ताडायचं. तेव्हा जे सुदैवाने लाखेत उमटलं, ते निदान ज्याचं त्याच्या नावावर राहावं, एवढा साधा लोभ आहे. मुंबईत १९९०पासून जुन्या रेकॉर्डवाल्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. नंबर, लेबलं, कॅटलॉग यांच्या याद्या वर्षानुवर्षं जुळवणारी माणसं तिथे भेटतात. एखाद्या मॅट्रिक्स नंबरवरून रात्री उशिरापर्यंत भांडणं होतात आणि सकाळी त्यातलाच एकजण कात्रणाचा फोटो पाठवून भांडण मिटवतो. कोल्हापूरचे एक निवृत्त पेटीवादक माझी प्रत्येक टीप वाचून फक्त पट्टी लिहून कळवतात : ‘काळी चार. तपासा.’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. तपासावं तर बरोबर असते.

आणि बेळगावच्या एक बाई आहेत. त्यांचं पत्र मी आपल्यासाठीच राखून ठेवलं होतं. त्यांच्या पणजीबद्दल घरात एवढंच बोललं जायचं की ‘ती गायची’. बोलताना आवाज खाली जायचा आणि विषय बदलायचा. फोटो एकच, तोही कुणीतरी कापलेला. पणजीने रेकॉर्ड दिली होती, असं एका म्हाताऱ्या आत्याकडून कानावर आलं होतं, पण घरात तबकडी नव्हती. पणजीचं नाव आणि गाव घालून त्या शोधत राहिल्या आणि एक दिवस माझ्या टिपेपाशी येऊन थांबल्या. गाणं ऐकलं, शेवट ऐकला. मग त्यांनी मला लिहिलं की त्या फक्त शेवटचा भाग पुन्हा पुन्हा लावून ऐकतायत. गाणं चांगलंच आहे, पण आमच्या घरात तिचं नाव असं मोठ्याने कुणी घेतलंच नव्हतं, आणि इथे तीच घेतेय.

पत्रात पुढे एक वाक्य आहे. हेच गाणं त्यांनी आधीही ऐकलं होतं, आपल्या चॅनेलवर. आवडलंही होतं, नातेवाइकांना पाठवलं होतं, ‘काय गायचे बालगंधर्व!’ असं लिहून. सख्ख्या पणजीचा आवाज त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावाने घरभर वाटला. लेबल कसरीने खाल्लेलं होतं हे मी वर सांगितलंच. त्या बाईचं नाव त्या तबकडीवर दुसरीकडे कुठेही नाही. आपण कापलेल्या चार सेकंदांतच ते होतं.

तेव्हा मागणं थोडकं आहे. गाणं ठेवा. कमाई ठेवा. घंटी वाजवणारा तरुणही ठेवा, त्याचंही पोट आहे. शेवट जोडा, नाव बदला, भीमपलास लिहा, आणि माझ्यावरचा दावा मागे घ्या. पूर्ण मुद्रण माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा फुकट पाठवीन. बालगंधर्वांची खरी गाणी हवी असतील तर तीही नंबरांसकट देईन. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर आपल्या प्रत्येक ‘अतिदुर्मिळा’खाली तबकडीचा नंबर, गाणाऱ्याचं नाव आणि खरा राग मी स्वतः लिहीत जाईन. मला वेळ भरपूर आहे आणि कोल्हापूरचे पेटीवादक माझ्या बाजूला आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
भेगेच्या तबकडीचा मालक

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी. माळ्यावर जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर स्पिरिटने पुसू नका, लाख त्यात विरघळते. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. भंगारात देण्याआधी लेबलचा आणि आतल्या पट्टीवरच्या नंबराचा फोटो काढा, आणि वाजवायची सोय असेल तर शेवटची थाप पडल्यावर लगेच सुई उचलू नका.