बिनकामाचा आकडा

गोंदियात छंद असायला कोणाची हरकत नसते. तो कशासाठी आहे तेवढं सांगता आलं पाहिजे. तबला आणला तर भजनी मंडळ पुढे करता येतं. मी बी.कॉम. झालेला, बँकेत व्हाउचरं तपासणारा माणूस. पन्नाशीनंतर सोल्डरिंग गन, ब्रेडबोर्ड आणि जम्पर वायरींचा गुंता घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायला लागलो, तेव्हा मलाही कारण लागलं. "धानाचा ओलावा मोजायचं यंत्र करतोय," असं ठोकून दिलं. घर गप्प. या जिल्ह्यात धानाचं नाव घेतलं की पुढची उलटतपासणी होत नाही.

खरं कारण एवढंच की आर्डुइनो नावाच्या चिमुकल्या संगणकाच्या निळ्या पाटीवरचा बारका दिवा मी सांगेन तेव्हा लुकलुकत होता आणि मला त्याची भारी मौज वाटत होती. पण ५३ वर्षांचा गृहस्थ दिवा लावायला शिकतोय, हे सासुरवाडीत कोणत्या तोंडाने सांगायचं?

थाप मात्र अगदीच निराधार नव्हती. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. पत्र्याच्या दोन पट्ट्यांमध्ये धान भरलं की तो एक कपॅसिटर होतो. पाण्याचा विद्युतस्थिरांक ऐंशीच्या घरात, कोरड्या दाण्याचा जेमतेम बोटांवर मोजण्याइतका. म्हणजे दाण्यात पाणी जास्त, तर कपॅसिटन्स जास्त. इथवर सगळं सरळ. पण आर्डुइनो टक्के सांगत नाही, ० ते १०२३ मधला एक आकडा तोंडावर फेकतो. १०२३च का? तर दहा बिट. मग बिट शिका. आलेख काढला तर ठिपके रेषेवर बसायला तयार नाहीत. मग १८०५ साली लजांद्र नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी छापलेली न्यूनतम वर्ग पद्धत शिका. मास्तर नसले की पदवीचा धडा आधी भेटतो आणि सहावीचा त्याच्यामागून धापा टाकत येतो.

शिवाय यंत्र खरं बोलतंय का, हे पाहायला खरा ओलावा माहीत हवा. त्याचा उपाय जुनाच: १०० ग्रॅम धान तोलायचं, रात्रभर ओव्हनमध्ये सुकवायचं, परत तोलायचं. ८३ ग्रॅम भरलं तर ओलावा १७ टक्के. ओव्हन बायकोने केकसाठी घेतलेला. "आजवर यात तीन केक झाले आन् सतरा वेळा धान," ती आल्यागेल्याला सांगायची. हा हिशेब तिचा. मी तो तपासलेला नाही.

ओव्हनपाशी जागत बसलो असतानाच मला कापरेकर गुरुजी भेटले, म्हणजे वाचनात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही आणि आकड्यांचं वेड असं, की डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरूनच 'डेम्लो' नाव दिलं. (गोंदिया जंक्शनवर मीही आयुष्यभर गाड्यांची वाट पाहिली. एकही संख्या हाती लागली नाही, समोसे लागले.) १९४९ साली त्यांनी दाखवलं ते असं: कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराला परत तेच करा. आपला जिल्हा १९९९ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, म्हणून मी १९९९ घेतली. ९९९१ वजा १९९९, ७९९२. मग ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. त्यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च. आर्डुइनोला सगळ्या चार आकडी संख्या तपासायला लावल्या. सातव्या पायरीपुढे एकही गेली नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा कुठे जगाला हे गुरुजी कळले. आणि या सगळ्याचा धानाला फायदा? शून्य! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

यंत्र तयार झालं. आमगावकडे मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खळ्यात नेलं. त्यांनी ढिगातला एक दाणा उचलला, दाढेखाली धरला, कट्‌कन आवाज आला. "सोळा-सतरा असन." यंत्राने १६.८ दाखवले. मी आनंदाने उडालो. मामाजी म्हणाले, "मंग माही दाढ बरोबर हाये म्हणा." यंत्राचा विषय तिथे संपला. केंद्रावरच्या ग्रेडरने तर दाढेवर आणि यंत्रावर दोन्हींवर अविश्वास दाखवून स्वतःचं मीटर खुपसलं.

पण त्याआधी ट्रॅक्टरांच्या रांगेत तासन्‌तास बसायचं होतं. वेळ जाईना म्हणून पुढच्या एमएच ३५ ट्रॅक्टरच्या पाटीवरचे ३५२४ हे आकडे घेऊन मी पोत्यावर खडूने वजाबाकी मांडली. तीन पायऱ्यांत ६१७४. ट्रॅक्टरवाला खाली उतरला. दुसऱ्याने आपल्या गाडीचा नंबर दिला, तिसऱ्याने मोबाईलचे शेवटचे चार आकडे. एकाने मुद्दाम ११११ देऊन शून्य काढलं आणि मला हरवल्याच्या थाटात तंबाखू मळली. रांग पुढे सरकली तरी मागच्या चौघांनी ट्रॅक्टर हलवले नाहीत.

मामाजी इतका वेळ नुसते बघत होते. घरी निघताना म्हणाले, "पाच आकडी घेतली तं?" मी म्हटलं, करून पाहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन. "जवाईबापू, ७४९४३, मंग ६२९६४, मंग ७१९७३, मंग ८३९५२, आन् परत ७४९४३. रातभर हेच फिरून राहिलं. आता उन्हाळी धानाचे परे कोण टाकन, तुमचा तो मास्तर?"