लाल डगला, मोहर्ली गेट

नाताळच्या सुट्टीत पोरांना सांता दाखवायचा तर आता मॉलच हवा असं नाही. ताडोब्याच्या वेशीवरच्या रिसॉर्टांत रात्री सांता, पहाटे वाघ असा जोडबेत जमतो. तयारी जंगी. उघड्या जिप्सीसाठी स्वेटर, त्यावर जर्किन, कानटोपी, मफलर, वरून रिसॉर्टची चादर. आतलं पोर फक्त शिंकेवरून ओळखायचं. नेमकी वाघाच्या पाणवठ्यावर त्याला शू लागते, आणि गाडीतून उतरायला मनाई!

खरी पंचाईत सांताची. भडक कपडे नकोत, घंटी वाजवायची नाही, मंगळवारी तर फाटकच बंद. हरणं जुंपलेली गाडी वाघाच्या हद्दीत आणणं म्हणजे घरपोच डबाच.

ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं, तो तारू वाघाशी झुंजताना गेला, असं गोंड मंडळी सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे पोराबाळांसह जत्रेला जायची रीत जुनी. तेव्हा ना ऑनलाइन बुकिंग होतं, ना जिप्सीचं भाडं. पण तारू खांद्यावर पोतं घेऊन येत नाही, म्हणून रिसॉर्टच्या पत्रिकेत त्याचं नाव नसतं.

असो. निघण्यापूर्वी सांताला तेवढं कळवा: मूळ ओळखपत्र सोबत ठेव आणि मोबाइल गेटवर जमा कर.