थट्टेलाही लायकी लागते

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात खोटा पुरस्कार सोहळा सुरू झाला, की आमच्या घरात मला जागचं हलू देत नाहीत. ‘उत्कृष्ट फुकट सल्ला’, ‘घोरण्यासाठी जीवनगौरव’ असली बक्षिसं जाहीर होतात आणि दर बक्षिसाला बायको माझ्याकडे बघते. मी हसतो, पण आतून जळतो. चारचौघांत टिंगल व्हावी एवढीही आपली पत नाही!

टुकार सिनेमांचे रॅझी पुरस्कार अमेरिकेत १९८१पासून देतात. २००५ साली ‘कॅटवूमन’साठीचा रॅझी घ्यायला हॅली बेरी स्वतः गेली, तीही हातात खरं ऑस्कर घेऊन. दिल्लीत २००९ साली तसलेच ‘गोल्डन केला’ पुरस्कार निघाले. २०१४पासून तर बडे नट आपली खेचून घ्यायला हौसेनं ‘चला हवा येऊ द्या’च्या थुकरटवाडीत जाऊ लागले. माझ्यासारख्या माहूरच्या लेखकाला केळं कोण देणार?

खरे पुरस्कार मात्र आहेत. एका संस्थेनं सहभाग शुल्क घेऊन मला ‘साहित्यभूषण’ केलं. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर. सन्मानचिन्हावरच्या माझ्या नावाचा स्टिकर कोपऱ्यात सुटला होता. नखानं सोलला, तर खाली ‘आदर्श सरपंच’. टीव्हीचे लेखक एवढी डोकेफोड कशाला करतात कोण जाणे!

आणि थट्टेच्या कामात आमच्या मराठवाड्याचा हात कोण धरणार? बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. धुळवडीला तिथं गावच्या एका जावयाची गाढवावरून वरात निघते, गळ्यात चपलांचा हार घालून. होळी जवळ आली की जावई परागंदा होतात आणि पोरं त्यांना हुडकत फिरतात. सापडलेल्यावर पहारा बसतो. ना अर्ज, ना शिफारस, ना सहभाग शुल्क. विजेता पळतोय आणि निवड समिती मागे धावतेय! मला काळजी गाढवाची. जावई एकदा बसून सुटतो, गाढवाची सेवाज्येष्ठता कोण धरतं? जीवनगौरव त्याचाच. शेवटी जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते. माझी सासुरवाडी माहुरातलीच. इथं जावयाला रेणुकामातेचा तांबूल देतात आणि वाटेला लावतात. बायकोला म्हटलं, “तुझं माहेर विड्याचं पाहिजे होतं.” ती म्हणाली, “अंगठीसाठी का गाढवासाठी?”

टीव्हीनं आमच्या भागाला मात्र एक पुरस्कार कायमचा देऊन ठेवलाय, गावंढळपणाचा. कुणीतरी ‘काहून’, ‘लई’ म्हणत मंचावर येतो आणि विनोद व्हायच्या आधीच हशा होतो. अहो, त्यात विनोद कुठाय? माझी आई असंच बोलायची. ताप आला की उशाशी बसून “काहून जेवला न्हाईस रं?” म्हणायची. आता पुण्यात शिकणारी माझी लेक मैत्रिणींसमोर ‘काहून’ गिळते आणि ‘का बरं’ म्हणते. विड्याचं गाव जावयाला चिडवतं ते तो आपला म्हणून, आणि चिडवून झालं की त्याला अहेर करतं. टीव्हीवाले हशा वसूल करतात आणि जाहिरातीला जातात.

तेव्हा मंडळी, खुशाल खेचा. फक्त शेवटी अंगठी द्यायला विसरू नका. माझ्या बोटाचं माप कळवतो. सहभाग शुल्क किती, तेवढं सांगा.