घाबरायला कारण होतं

कोविडच्या काळात सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि डॉक्टर यांची मनं कशी खचली, यावर आता चर्चासत्रं होतात. उपाय म्हणून प्राणायाम सुचवला जातो, समुपदेशन सुचवलं जातं. माझा आक्षेप तिथेच आहे. मे २०२०मध्ये जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात पाळीवर निघालेल्या सिस्टरच्या पोटात गोळा आला असेल, तर तिचं डोकं ताळ्यावर होतं म्हणूनच आला.

द्रुतगती महामार्गालगतचं हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर हे पालिकेचं रुग्णालय. हाडं मोडलेल्या, डोकं फुटलेल्या अपघातग्रस्तांसाठी ते उभं राहिलं आणि साथीत कोविडच्या रुग्णांना घेऊ लागलं. आजार नवा, हातात खात्रीचं औषध नाही. लस आली ती १६ जानेवारी २०२१ला. तोवर शहरातल्या प्रत्येक नर्सने एक बातमी वाचलेली होती: एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलचं वोक्हार्ट रुग्णालय सील झालं, २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले म्हणून. ही बातमी वाचून जी घाबरली नसती, तिचीच काळजी वाटायला हवी होती.

पीपीई किट एकदा चढवलं की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवी नाही. मासिक पाळी आलेली असली तरी तेच. चष्म्यावर वाफ, आत घामाच्या धारा, आणि सुई टोचायची ती दोन-दोन हातमोजे घालून. कित्येकींनी डायपर बांधून काम केलं. डॉक्टरांबद्दल निदान छापून तरी आलं. बेडपॅन उचलणाऱ्या आणि मृतदेह प्लास्टिकमध्ये बांधणाऱ्या कंत्राटी कामगाराला तर आजारपणाच्या रजेचीही शाश्वती नव्हती. रजा घेतली की रोज बुडाला.

आणि पाळी संपल्यावर जायचं कुठे? मेघवाडी, श्यामनगर, बांद्रेकरवाडी. दहा बाय बाराची खोली, त्यात मुलं, मधुमेहाची सासू, चाळीला सामाईक संडास. ‘घरातच वेगळं राहा’ हा सल्ला ज्याने लिहिला, त्याच्या घरात जादा खोली होती. विरार-नालासोपाऱ्याहून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. २३ मार्चपासून लोकल बंद. अत्यावश्यक सेवेसाठी ती सुरू झाली १५ जूनला, म्हणजे जवळजवळ बारा आठवडे या बायकांनी बस आणि एसटीच्या रांगेत काढले. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने तर मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिकडेच राहावं, असा आदेश काढला. ओरड झाल्यावर तो थांबवावा लागला. रुग्ण सांभाळणाऱ्या बाईला तिचंच शहर दार लावून घेतं, तेव्हा तिला झोप लागत नाही याचं कारण शोधायला मानसतज्ज्ञ कशाला लागतो?

२२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळजवळ ४५ टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणं, ३४ टक्क्यांची झोप उडालेली. सर्वांत जास्त झळ परिचारिकांना आणि थेट रुग्णांजवळ काम करणाऱ्यांना. इशारा इतक्या लवकर आला होता. ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. ती उधळणाऱ्यांच्या मनातलं प्रेम मी नाकारत नाही. पण फुलांनी पाळी कमी होत नाही.

कायद्याचंही बघा. १८९७चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमुळे आला. २२ एप्रिल २०२०च्या अध्यादेशाने त्यात दुरुस्ती झाली: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत. चांगलंच झालं, ते हवंच होतं. पण मारहाणीपासून संरक्षण देणाऱ्या त्या दुरुस्तीत पाळी किती तासांची, एका नर्सकडे किती रुग्ण, ती बाधित झाली तर तिच्या जागी कोण, याबद्दल अक्षर नाही.

समुपदेशनाच्या हेल्पलाइन जरूर चालू ठेवा. रात्री तीनला कुणीतरी ऐकणारं हवंच. मात्र ज्या भीतीचं मूळ हजेरीपटावर आहे, ती फोनवर बोलून जात नाही. शेजारी दुसरी सिस्टर उभी राहिली, मास्क नीट बसला, घरी न जाता झोपायला रुग्णालयाजवळ एक खाट मिळाली, की ती निम्मी ओसरते.

जोगेश्वरीकरांनी एक काम करावं. माहितीच्या अधिकारात पालिकेला अर्ज टाकावा: ट्रॉमा रुग्णालयात परिचारिकांच्या मंजूर जागा किती, आज भरलेल्या किती, कंत्राटावर किती जण आणि त्यांना आजारपणाची पगारी रजा आहे का. अर्जाला शुल्क दहा रुपये. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.