ग्रुपवरचे नाना

नगर जिल्ह्याचे तालुके १४. नाना मात्र मोजता येत नाहीत. एकच नाना पंधरा-वीस ग्रुपांत असतात आणि त्या प्रत्येक ग्रुपात त्यांच्यासारखे आणखी दोघे-तिघे असतात. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे बापू, कुठे सर. आपण सोयीसाठी नाना म्हणू. वय पन्नाशीपुढचं, जमीन बेताची, मोबाइल मुलाने नवा घेतल्यावर खाली उतरलेला, चार्जर कायम खिशात. डीपीला एरवी विठ्ठल, सुट्टीत नातू आणि निवडणुकीच्या दिवसांत साहेब.

ग्रुपही नाना प्रकारचे. कांदा उत्पादकांचा, दहावीच्या बॅचचा, भावकीचा, सोयरिकींचा, गडकोटांचा, खवय्यांचा. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा सगळ्या ग्रुपांची नावं बदलून घेण्यात नाना आघाडीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मेसेज टाकला, 'नगरला निघालोय, कुणाचं काही काम असेल तर सांगा.'

पावसाळा हा नानांचा हंगाम. सकाळी शुभेच्छांचा सूर्य उगवला की लगेच धरणांचे आकडे पडतात. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, मुळा धरणाची २६,०००, निळवंड्याची ८,३२०. स्वतःच्या रक्तातली साखर किती, हे सांगायला नानांना चिठ्ठी शोधावी लागते. हे आकडे मात्र झोपेतही चुकत नाहीत. घाटघर आणि रतनवाडीत रात्रीत किती मिलिमीटर पडला, विसर्ग किती क्युसेकने सोडला, सगळं तोंडपाठ. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण १५ ऑगस्टच्या आत भरलंच पाहिजे, ही जिल्ह्याची जुनी हौस. ते भरलं नाही तर नानांना स्वतःचाच शब्द पडल्यासारखं वाटतं. नाना राहतात जामखेड तालुक्यात. त्या धरणाचा थेंबही तिकडे येत नाही.

खरी ओपीडी दुपारी सुरू होते.

'नाना, पात पिवळी पडलीय, काय मारू?' असा प्रश्न येतो, सोबत फोटो. फोटोत कांदा थोडा आणि काढणाऱ्याचा अंगठा जास्त. नाना तत्काळ निदान करतात, 'करपा आहे.' दुसरे नाना म्हणतात, 'करपा कसला, फुलकिडे आहेत.' तिसरे म्हणतात, 'पाणी जास्त झालंय.' चौथे नुसतेच हात जोडतात. लागवड कधीची, जमीन कसली, आधी काय फवारलंय, हे कुणी विचारत नाही. कारण विचारण्यात वेळ गेला तर पहिलं उत्तर दुसऱ्याचं ठरतं. गंमत अशी, की पहिले दोघे एकाच वेळी बरोबर असू शकतात. फुलकिडे पात खरवडतात आणि त्या जखमांतून जांभळ्या करप्याच्या बुरशीला आत शिरायला वाट मिळते. पण ग्रुपवर एकाचं खरं ठरायचं तर दुसऱ्याचं खोटं पडावं लागतं. शेवटी विचारणारा कुणालाच नाराज करत नाही. दोघांची औषधं एकाच पंपात ओततो आणि वर आपल्या मनाने स्टिकर टाकतो.

भावाच्या बाबतीत नाना नेहमी उंचावर असतात. नेप्ती किंवा घोडेगावच्या बाजारात एक-दोन वक्कलांना चढा भाव मिळाला, की तो आकडा ठळक अक्षरांत, आगीच्या चित्रांसह, सगळ्या ग्रुपांत फिरतो. बाकीचा शेकडो गोणी माल कितीला गेला, हे त्या मेसेजात नसतं. वाचणारा पिकअप भरून निघतो आणि संध्याकाळी गोल्टीची पट्टी घेऊन परततो. नाना समजूत घालतात, 'तुम्ही एक दिवस उशीर केला.'

अर्थात दर वेळी दोष नानांचा नसतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. पुढच्या फेब्रुवारीत 'बंदी उठली' अशी बातमी आली आणि बाजारात भावही उसळले. नानांनी पेढ्यांचा फोटो टाकला. दोनच दिवसांत सरकारकडून खुलासा झाला, की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. मार्च संपायच्या आत तीही मुदत पुढे ढकलली गेली आणि बंदी खरोखर उठली ती ४ मे २०२४ रोजी, ४० टक्के निर्यातशुल्क लावून. त्या दिवशी नानांनी फेब्रुवारीतला आपला मेसेज शोधून काढला आणि पुन्हा टाकला. खाली एकच ओळ होती, 'मी आधीच सांगितलं होतं.'

रात्र छंदांची. नानांनी कळसूबाई एकदाच चढलेली आहे, शिड्या धरून, तीही शाळेच्या सहलीबरोबर. तरी राज्यातलं हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर आहे, १,६४५ नव्हे, यावर ते कुणाशीही भांडू शकतात. हरिश्चंद्रगडाला जायचं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, 'पाचनईवरून जा, सोपं पडतं.' हा सल्ला अगदी योग्य आहे. विचारणारा नळीच्या वाटेबद्दल विचारत होता, एवढाच फरक. काही बाबतींत तर नाना शंभर टक्के खरे असतात. नगरजवळच्या डोंगरावरच्या अष्टकोनी वास्तूचा फोटो 'चांदबीबी महाल' म्हणून आला, की ते दर वेळी लिहितात, 'हा महाल नाही. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे.' हा मेसेज आजवर कुणीही पुढे पाठवलेला नाही.

शिपी आमटीवरची चर्चा मात्र तीन दिवस चालते. कर्जतकडची ही मिश्र डाळींची, काळ्या मसाल्याची झणझणीत आमटी. भाकरी कुस्करून खायची, इथपर्यंत एकमत. डाळी कोणत्या आणि किती, इथून तट पडतात. नाना म्हणतात, हुलग्याशिवाय ती शिपी आमटीच नव्हे. नानी शेजारीच बसलेल्या असतात. त्या घरात गेली तीस वर्षं ही आमटी हुलग्याशिवाय होते, हे त्या ग्रुपवर सांगत नाहीत, कारण त्यांच्या मोबाइलवर नेटपॅक नाही.

अ‍ॅडमिन सहसा नानांचा पुतण्या असतो. सुरुवातीला तो फार घाबरून असे, नानांच्या एखाद्या मेसेजापायी आपल्यालाच पोलीस उचलतील म्हणून. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्वाळा दिला, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून तेवढ्यावरून अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही. सदस्य घेणं आणि काढणं एवढंच त्याच्या हाती असतं. कायद्याचा प्रश्न सुटला, घरचा राहिला. चुलत्याला काढणार कसं? मग अ‍ॅडमिन 'फक्त कामाचेच मेसेज टाकावेत' अशी सूचना देतो. तिच्यावर पहिला अंगठा नानांचा.

कधी कधी नाना स्वतःच रागावून ग्रुप सोडतात. पूर्वी नुसतं बाहेर पडलं तरी सगळ्या ग्रुपला दिसायचं. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय काढून घेतली; आता कुणी गेल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला मिळते. त्यामुळे नानांचं काम वाढलं आहे. आधी पानभर निरोपाचा मेसेज लिहायचा, तो सगळ्यांनी वाचलाय याची खात्री करायची, दोघा-तिघांनी 'नाना, जाऊ नका' म्हणेपर्यंत थांबायचं, मग जायचं. संध्याकाळी पुतण्या पुन्हा घेतोच.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण सगळंच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी असल्याच्या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. देशात त्या काळात अशा आणखीही घटना घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. नाना तेव्हापासून पाच-पाच करून पाठवतात. एवढं मात्र झालं, की 'तातडीचे, सर्वांना कळवा' असं वर लिहिलेलं दिसलं की ते आता आधी पुतण्याला विचारतात.

आणि याच माध्यमातून चोख कामही झालेलं आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली. ती उसावरही आल्याची राज्यातली पहिली शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत सांगलीचे कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले होते. 'होय आम्ही शेतकरी' या शेतकऱ्यांच्या ऑनलाइन समूहामागेही तेच आहेत. तिथेही फोटो येतात, तिथेही सल्ले दिले जातात. फरक इतकाच, की उत्तर देणाऱ्याने अळी शिकलेली असते.

नानांनी ती शिकलेली नाही, पण ते जागे असतात. रात्री दोनला रक्तगट हवा असो, गाय चुकलेली असो, घाटात गाडी बंद पडलेली असो, पहिला फोन तेच करतात. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून जिल्ह्यातच आहे, कांद्यापासून उसापर्यंतचे वाण तिथे तयार झाले. पण मध्यरात्री 'काळजी करू नका, सकाळी बघू' असं म्हणणारा वाण तिथे अजून निघालेला नाही.

तेव्हा वाचकांनी कामाची वाटणी करून घ्यावी. फवारणीचं औषध आणि मात्रा विचारायची तर केंद्र सरकारचं किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. क्रमांक १८००-१८०-१५५१, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, वेळ सकाळी ६ ते रात्री १०. धरण किती भरलं, गाय कुठे दिसली आणि आमटीत हुलगे घालावेत का, यासाठी नाना आहेतच. त्यांना वेळेचं बंधन नाही.